डाव्या पंखाची आतली बाजू

सत्यभामानं उजवा हात खांद्यापर्यंत विमानाच्या पंखातल्या भोकात घातला आणि लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला टेकवला. पंख लाकडी घोडीवर कडेवर उभा केलेला होता, दोघांमध्ये भिंत असावी तसा. पलीकडून लोकेशनं रिव्हेट ठोकायची हवेची बंदूक चालवली. पत्रा थरथरला. तिनं ठोकळा बाजूला घेऊन चपटी झालेली शेपटी बोटानं चाचपली आणि पत्र्यावर आतून एक ठोका दिला.

एक ठोका म्हणजे नीट बसला. दोन म्हणजे वाकडा बसला, काढून नवा घाला. ही खूण पुनारामकाकांनी घालून दिलेली. भरवेलीच्या खाणीत वर्कशॉपला त्यांनी तीस वर्षं पत्रा ठोकला होता. त्याच खाणीत इलेक्ट्रिशियन असलेल्या लोकेशच्या मनानं दोन जागांचं विमान घ्यायचं नव्हे, बांधायचं घेतलं, तेव्हा पत्रा कापायला, वाकवायला, जोडायला तो काकांकडे शिकू लागला. रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून बायकोही शिकली. ती लवकर शिकली.

"हात सूनबाईचा हाय," काका एकदा बोलून गेले. "तू बंदूक तिरपी धरतं, लोकेश."

लोकेश हसला होता. पण त्यानंतर तिचे दोन ठोके त्याला खपेनासे झाले. डिसेंबरात खाणीतले सोबती अंगणातल्या शेडमध्ये विमान पाहायला आले. त्यांच्यासमोर तिनं एकाच ओळीत चारदा दोन ठोके दिले. चौथ्यांदा दिले तेव्हा तिचं बोट अजून शेपटीवरच होतं. लोकेशनं बंदूक दाबली.

"आता कळन तुले, कवा ठोकाचं आन कवा नाही," तो सोबत्यांकडे पाहत म्हणाला.

सोबती हसले. तिनं बोटाला चिंधी बांधून सगळ्यांना चहा केला. पुढच्या महिन्यात नख गळून पडलं.

तेव्हापासून ती प्रत्येक रिव्हेटला एकच ठोका देत आली होती. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते खुर्चीत बसून ठोका ऐकत आणि मान हलवत.

"एकच राह्यला, काका," लोकेश आज म्हणाला. "हा बसला का झाकण लावून टाकतो. मंग अंदरचं पाहाचं कामच नाही."

श्रुतिका, त्यांची मुलगी, गोंदियाच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती मोबाइलवर फोटो काढत होती.

"आन एक बदल केला," लोकेश म्हणाला. "पहिल्या उड्डाणाले एकटा नाही जात. श्रुतिका बसन संगं."

"सच्ची, पापा?"

"त काय! दुसरी सीट खाली काहून नेऊ?"

"आणि आई?"

"तुह्या मायले बसवलं त इमान जमीन सोडनच नाही."

श्रुतिका हसली. काकाही हसले.

"चल व, शेवटचा. झोपली का तिकडं?"

बंदूक वाजली. सत्यभामानं बोट फिरवलं. शेपटी गोल होती, सरळ. तिनं एक ठोका दिला.

"झालं!" लोकेश ओरडला. श्रुतिकानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर पंखातून दोन ठोके आले. वीतभर डावीकडून.

"आता काय झालं?"

खालच्या ओळीतून दोन ठोके आले. मग जरा पुढून दोन.

"काहून येडेपणा करून राह्यली? ते कवाचेच बसले."

काका खुर्चीतून उठले. त्यांनी पंखाला कान लावला, खिशातून लाल मार्कर काढला आणि आवाज आला तिथं फुली मारली. मग पुढची. हात पोचेना तेव्हा सत्यभामानं तो बाहेर काढला, स्टूल सरकवलं आणि पलीकडच्या भोकात घातला. कुठला रिव्हेट, हे तिला शोधावं लागत नव्हतं. तेराव्या फुलीला श्रुतिकानं मोबाइल खाली घेतला.

"कवापासून, सूनबाई?" काकांनी विचारलं.

दोन ठोके. काकांनी फुली मारली.

लोकेशनं बंदूक जमिनीवर ठेवली. तो मुलीकडे पाहत राहिला, मग फुल्यांकडे. मग पंखाच्या अगदी जवळ गेला आणि हळू आवाजात बोलला.

"आन मी एकटाच जाणार होतो, तवा?"

ठोकळा थांबला. काका मार्कर धरून उभे होते.

पत्र्यावर आतून एक ठोका पडला.