मंत्रिमंडळ आणि एक खड्डा

स्टॉकहोममधल्या एका बँकेच्या तळघरात एक माणूस दिवसभर चेकवरच्या सह्या पडताळतो.

चौदा वर्षं त्याच्या घरच्या बैठकीच्या खोलीला पडदे नाहीत. परत जाताना फुकट जातील म्हणून.

बागेत शेपू, मुळे, बटाटे. एका हंगामात येईल आणि संपेल तेवढंच लावायचं.

एका सरकारला देश नाही.

तळघरातला हा माणूस म्हणजे व्होल्डेमार लेप्पिक. पूर्वी एस्टोनियातल्या पार्नू शहरात बँकेचा संचालक. रशियन आले तेव्हा बायकोला घेऊन होडीतून स्वीडनला निघून आला. आता परागंदा एस्टोनियन सरकारचा अर्थमंत्री. हॉलचं भाडं परवडत नसल्यामुळे रविवारची मंत्रिमंडळ बैठक त्याच्या भाड्याच्या बागेतल्या लाकडी खोपटात भरली होती. ‘आमचा इथला मुक्काम तात्पुरता आहे’ असा ठराव त्याने लिहिला होता. चौघांच्याही सह्या झाल्या की उद्या तो वर्तमानपत्रांना जायचा.

“‘तात्पुरता’ की ‘सध्यापुरता’?” म्हाताऱ्या पंतप्रधानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“साहेब, आधी सही करा हो!”

“लेप्पिक,” खिडकीशी बसलेला दुसरा मंत्री आगू म्हणाला, “तुझी बायको खंदक खणतेय की काय?”

व्होल्डेमार ताडकन बाहेर गेला. हिल्या कुदळ घेऊन घामाघूम झाली होती. शेजारी ओल्या गोणपाटात सफरचंदाचं रोप.

“हे काय?”

“दिसत नाही?”

“फळ कधी धरेल?”

“पाच वर्षांनी. नाहीतर सहा.”

“म्हणजे सहा वर्षं आपण इथेच? आत मी काय लिहितोय आणि बाहेर तू काय करतेयस!”

“तू लिही ना. मी कुठे अडवलंय? मला झाडाचं सफरचंद खायचंय, दुकानातलं नको.”

“बुजव तो खड्डा.”

“तूच बुजव, मंत्रिमहोदय.” तिने कुदळ त्याच्यापुढे धरली.

त्याने ती घेतली नाही. तेवढ्यात मागोमाग बाहेर आलेल्या आगूने घेतली.

“एवढासा खड्डा? सशाने लाथ मारली तरी झाड आडवं होईल.”

“तळाला राख घाला,” पंतप्रधान काठी टेकत आले. “आमचे वडील घालायचे.”

“राख नको, शेण!” चौथा मंत्री खोपटाच्या दारातून ओरडला.

शेतकऱ्यांची पोरं सगळी. कोट काढून कामाला लागली. खड्डा गुडघ्याएवढा हवा, यावर पाच वर्षांत पहिल्यांदाच सरकारचं एकमत झालं.

“अहो, ठराव!” व्होल्डेमार म्हणाला. “सह्या राहिल्यात!”

“करू रे. आधी रोप धर. सरळ धर, कलतंय ते.”

आत टेबलावर कागद कॉफीच्या कपाखाली पडून होता. कपाचा गोल डाग त्यावर उमटला होता. व्होल्डेमारने दोन्ही हातांनी रोप धरलं. बाकीचे माती लोटत होते, ती त्याच्या बुटांवर पडत होती. हिल्या त्याच्याकडे बघत नव्हती.

“सोडू का आता?” त्याने विचारलं.

“थांब,” ती म्हणाली.

१९४४च्या सप्टेंबरात, होडी सुटायच्या आदल्या दिवशी, व्होल्डेमारने पार्नूच्या घरामागे सफरचंदाची तीन रोपं लावली होती.