चौथी सूचना

आमच्या पुस्तिकेत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः तीनदा तपासले होते.

पुस्तिका आठ पानांची. विषय : हात न दुखवता गोधडी कशी शिवावी. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या शिंपी समाजाच्या महिला मंडळाने ती चौऱ्याऐंशी साली काढली. ज्ञान माझ्या आत्याचं, अंबूताईचं. पन्नास वर्षं गोधड्या शिवून तिची बोटं अजून शाबूत आहेत. भाषा माझी. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, आणि एम.ए.साठी दोन वर्षं पुण्यात राहून आल्यापासून घरातल्या सगळ्यांचं मराठी दुरुस्त करतो. तसं करायला मला कुणी सांगितलेलं नाही.

आत्या बोलायची, मी लिहून घ्यायचो. ती म्हणायची, "दोरा हातभरच घे. गोधडी मांडीवर ओढून घे, तू तिच्यावर वाकू नको. दोरा संपला की बोटं झटक." मी लिहायचो, "दोरा संपताच बोटांस विश्रांती द्यावी." चौथ्या सूचनेला ती म्हणाली, "सुई बिगी धरू नको. हात मरतो."

बिगी बिगी म्हणजे लवकर लवकर. अर्थ कळला, पण शब्द जरा गावरान वाटला. मी लिहिलं, "सुई अत्यंत सावकाश चालवावी. एका वेळी एकच टाका घ्यावा. घाई करू नये." एकच टाका ही माझी स्वतःची भर. वाक्य त्यामुळे डौलदार झालं.

छपाई येसाजीरावांनी करून दिली, फुकट. समाजाचं काम म्हणून.

दोन महिन्यांनी कळलं, शांताक्काचा अंगठा अडकतोय. शांताक्का आमच्या दोन घरं पलीकडे राहते. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण दसऱ्याला होतं, आणि बाळाची पहिली गोधडी आजीनं आपल्या जुन्या लुगड्यांची, स्वतःच्या हातानं शिवायची, अशी आमच्यात रीत आहे. आत्या आणि मी बघायला गेलो. शांताक्कानं अंगठा वाकवून दाखवला. तो वाकलेलाच राहिला. तिनं दुसऱ्या हातानं ओढला तेव्हा टक् असा आवाज आला, आणि तिनं डोळे मिटले.

"डॉक्टर म्हणतात, दोन महिने सुई बंद. दसरा तर पुढच्या महिन्यात आहे की."

"घालून दाखव बघू एक टाका," आत्या म्हणाली.

शांताक्कानं सुई उचलली. चिमटीत अशी आवळली की नखं पांढरी झाली. मग इंचभर आत, थांबली, इंचभर बाहेर, थांबली.

"अय्यो! एवढी बिगी कशाला धरतेस गं? कुंकवाची चिमूट धरतात तशी धरायची. चार टाके सुईवर घे, मग एकदम ओढ. मनगट नाही, कापड हलव."

"मला काय ठाऊक! पुस्तकात लिहिलंय सावकाश, एकेक टाका. सावकाश घालायचं तर सुई दाबून धरावी लागते की. मला वाटलं, माझाच हात अडाणी. छापलेलं चुकतंय होय?"

"मी बिगी धरू नको म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "सावकाश कधी म्हटलं?"

कन्नडात बिगी म्हणजे घट्ट. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चपलांच्या दुकानात मी स्वतः दरवर्षी म्हणतो, इदु बिगी आगत्ते, ही घट्ट होते. म्हैसुरात जन्मलेल्या आत्याच्या तोंडी बिगी आला की तो घट्टच असणार, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"मुद्रणदोष असावा," मी म्हणालो.

एवढं सुंदर खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. शांताक्का लगेच म्हणाली, "येसाजीरावांना काही बोलू नका हं सर. बिचारे फुकट छापतात." मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना छापखान्यावरून गेलो तर येसाजीरावांनीच हाक मारली. "सर, या. अंबूताई येऊन गेल्या सकाळी. चांगलं झाडलं मला."

"काय म्हणाल्या?"

"माझ्यामुळे शांताक्काचा हात गेला म्हणाल्या. बरोबर आहे. नजर कमी झालीय माझी. तुमचं हस्तलिखित शोधलं, पण रद्दीत गेलं असावं. तुम्ही लिहिलं असणार बरोबरच. माझ्याकडूनच काहीतरी झालं." ते खरोखर शरमले होते. सत्तरीचा माणूस माझ्यासमोर शाई लागलेले हात पुसत उभा होता. "शांताक्काकडे जाऊन आलो. पाया पडलो, तर रडायलाच लागली. आता ही पट्टी छापून प्रत्येक घरी देतो. वाचता?"

जुळवलेल्या खिळ्यांवरून त्यांनी एक कच्ची प्रत काढून दिली. मुद्रकाच्या चुकीमुळे चौथी सूचना सदोष छापली गेली. क्षमस्व. क्षमस्वमधला जोडाक्षराचा खिळा जरा वाकडा बसला होता. सवयीनं माझं बोट तिथे गेलं, आणि मी ते मागे घेतलं.

"येसाजीराव, हस्तलिखितातही तेच होतं."

"म्हणजे?"

"मी तसंच लिहिलं होतं. आत्या घट्ट म्हणाली, मी लवकर ऐकलं. तुमची चूक नाही. काल मी खोटं बोललो."

त्यांनी कच्ची प्रत माझ्या हातून परत घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"राहू दे हो सर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुमच्याकडे पोरं शिकतात. माझं काय, मला म्हातारा म्हणून सोडून देतील. पट्टी आहे तशीच जाऊ दे."

खरं सांगायचं तर क्षणभर मला ते पटलं. तर्कशुद्ध होतं.

"'मुद्रकाच्या' काढा," मी म्हणालो. "'लेखकाच्या' घाला. आणि पुढे माझं नाव. पहिली पट्टी शांताक्काकडे मी नेऊन देतो."

त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या नावाचे म, न, ह असे एकेक खिळे उचलू लागले. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "नाव कुठल्या टाइपात? बारीक घालू?"

"बारीक चालेल," मी झटकन म्हणालो. ते परत खिळ्यांकडे वळले तेव्हा मला म्हणावं लागलं, "नाही. मोठ्या."