सूक्ष्मनाथांच्या टीव्हीवरचा गुडघा

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्या हॉलबाहेर चपलांचा डोंगर झाला होता. आत जाताना लंगडणारी माणसं बाहेर येऊन वाकून आपापल्या चपला शोधत होती. आणखी कसला पुरावा हवा?

आत सूक्ष्मनाथ महाराज ‘दिव्य दुर्बीण’ करत. आधी मंतरलेलं इंजेक्शन, मग गुडघ्यात बारीक नळी, शेजारच्या टीव्हीवर आतलं दृश्य, आणि शेवटी कापसाखालून निघणारा पांढरा तुकडा.

“ये देखो, तुमची झीज! डॉक्टर हाड कापतो, आपण कर्म कापतो!”

टाळ्या.

पालेगावची माझी शेजारीण विठाआजी रांगेत होती. ती धवलारीण. आगरी लग्नात तांदळाच्या पिठाचा चौक मांडायचा, त्याच्याशी जमिनीवर बसून धवले गायचे, हे तिचं काम. नात अक्षदाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि आजीला खाली बसता येत नव्हतं.

डॉक्टर उन्मेषने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला नकार दिला होता. नातवाचा, सनीचा, कबड्डीत गेलेला गुडघा त्यानेच दोन भोकांतून दुरुस्त केलेला. म्हणून मुलगा आनंदा भडकला होता.

“पोराला चालतं, नि माझे आयेला नाय?”

“काका, सनीच्या गुडघ्यातली गादी फाटली होती, ती शिवली. आजींच्या हाडांवरचं अस्तरच झिजून गेलंय. उरलंच नाही ते शिवू कसं? साखर आटोक्यात आणून सांधा बदलू. पण त्यानंतरही खाली बसणं कठीणच.”

हे खरं होतं, त्यामुळे कोणालाच आवडलं नाही.

आजीचा नंबर लागला. इंजेक्शन झालं, नळी आत गेली. मध्येच महाराजांनी ती पुसायला बाहेर काढली. टीव्हीवरचा गुडघा चालूच.

“महाराज, दुर्बीण तुमच्या हातात आहे,” अक्षदा म्हणाली. “मग हा गुडघा कोणाचा?”

महाराज हसले.

“बेटा, दिव्यदृष्टीला वायर नसते. वायफाय समझो!”

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांतच आजी उठली आणि चक्क मांडी घालून खाली बसली. गालांवरून पाणी वाहत होतं.

“गप र्‍हा गं बाय,” ती नातीला म्हणाली. “मना बसता येतंय.”

अक्षदाही रडली.

थोड्याच दिवसांत गुडघा टम्म सुजला, ताप चढला. आनंदाने तिला पुन्हा महाराजांकडे नेलं.

“पाप बाहेर पडतंय,” महाराज म्हणाले. “डॉक्टरला दाखवलं तर परत आत जाईल.”

म्हणून नाही दाखवलं. शेवटी दाखवलं तेव्हा सांध्यात पू होता. आता मात्र दुर्बीण कामाची होती. उन्मेषने दोन भोकांतून सांधा धुतला, पण विष रक्तात पसरलं होतं. आजी गेली.

पोलिसांनी हॉल उघडला. टीव्हीला एक पेनड्राइव्ह, त्यात एकच गुडघा, सगळ्यांसाठी. फ्रिजमध्ये कोंबडीच्या हाडांचे मऊ तुकडे. इंजेक्शनात भूल आणि स्टेरॉइड. सुया वापरलेल्याच.

“पण ती बसली होती, डॉक्टर,” आनंदा म्हणाला. “मी बघितली.”

“बसल्या, काका. गुडघा तसाच होता, दुखणं फक्त कळत नव्हतं.” मग उन्मेषने विचारलं, “खुर्चीवर बसून गाता आलं नसतं का?”

“चौकाशी खुर्ची? कोणी ठेवलीच नाय कधी.”

सुतक फिटल्यावर लग्न झालं. धवले कोणाला येत नव्हते, म्हणून स्पीकरवर लावले. त्यांत भलत्याच नवरीचं नाव होतं. अक्षदा मान खाली घालून ते ऐकत राहिली.

भोक लहान म्हणून धोका लहान नसतो. डॉक्टर नाही म्हणाला तर कारण विचारा, भांडा, दुसर्‍या डॉक्टरकडे जा. आणि मांडवात म्हातारीला एक खुर्ची द्या. देव रागावलाच, तर माझं नाव सांगा.