बावखलावरची मुलगी

एकनाथ राऊत भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. जन्मापासून पंचावन्न वर्षं त्यांनी राजोडीच्या रस्त्याला लागून असलेल्या आपल्या वाडीत काढली होती. काळोखात केळींना पाणी सोडलं होतं, अमावस्येला पानवेलीत राखण केली होती, आणि साप सोडले तर त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. तरीही २००५ सालच्या जानेवारीत, एका शनिवारी संध्याकाळी, ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, बायकोला खोटं कारण सांगून भुतं बघायला निघाले.

आचोळ्याच्या त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आर्या नावाची कॉलेजात जाणारी मुलगी राहायची. तिनेच चार दिवसांपूर्वी जिन्यात त्यांना सांगितलं होतं.

"आजोबा, तुमचं मूळ घर राजोडीकडे होतं ना? तिकडे आता भुतांची फेरी असते. रिसॉर्टवर आलेल्या लोकांना एक जण रात्री फिरवतो, जुन्या जागा दाखवतो. आम्ही सगळे गेलो होतो. शेवटी एका बावखलावर नेलं. जांभळाचं झाड आहे बघा, आणि खाली उतरायला दगडी पायऱ्या. तिथे एक मुलगी दिसते म्हणे."

एकनाथांनी कठडा धरला. "तुला दिसली?"

"मला नाही दिसली. आमच्यातल्या एकीला वाटलं, पायरीवर कोणीतरी बसलंय."

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि उन्हाळाभर बागायतीला पुरायचं. जांभळाखालच्या त्या पायऱ्या एकनाथांच्या वडिलांनी बांधून घेतल्या होत्या. आणि त्याच बावखलात ब्याण्णव सालच्या मे महिन्यात एकनाथांची एकुलती एक मुलगी हंसा बुडाली होती. एकोणीस वर्षांची होती.

त्यानंतर दोन वर्षांनी सुमननं, त्यांच्या बायकोनं, वाडी विकायचा हट्ट धरला. "मला इथे राहायचं नाही," एवढंच ती म्हणायची. कारण विचारलं तर उठून आत जायची. एकनाथांना समजत होतं की तिला ते पाणी डोळ्यांसमोर नको आहे. पण त्यांना स्वतःला रोज संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसायचं असायचं. जग सोडून गेलेल्या मुलीजवळ बसायला त्यांच्यापाशी दुसरी जागा नव्हती. शेवटी त्यांनी सही केली आणि दोघं आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. त्या सहीचा राग एकनाथांनी बोलून दाखवला नाही, पण तो गेलाही नाही. घरात हंसाचं नाव निघत नसे. तिचा फोटो कपाटात, साड्यांच्या खाली होता.

आर्यानं सांगितल्यापासून चार दिवस त्यांच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. दिसते. हे खरं नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी वाटत होतं, कोणाला तरी दिसते, तर एकदा जाऊन यावं.

फेरी नेणारा सुमेध पंचविशीतला होता. चंदनसारला राहायचा आणि दिवसा एका क्लासमध्ये इतिहास शिकवायचा. त्या रात्री रिसॉर्टवरची बाराएक माणसं होती, त्यांत हे एकटे म्हातारे. "काका, हळू चाला, रस्त्यात दगड आहेत," असं त्यानं एकनाथांना सांगितलं. तो रस्ता एकनाथांच्या पायांना पाठ होता. ते बरं म्हणाले आणि सगळ्यांच्या मागून चालू लागले.

पहिल्यांदा एका चिंचेखाली थांबून सुमेधनं मुंडकं नसलेल्या फिरंगी शिपायाची गोष्ट सांगितली. त्या चिंचेखाली एकनाथ लहानपणी कितीतरी दुपारी झोपले होते. शिपाई त्यांनी आजच ऐकला. मग तिठ्यावरच्या क्रूसाजवळ न वाजवता वाजणाऱ्या घंटेची गोष्ट झाली, मग एका बंद बंगल्याची. पोरगा सांगायचा छान. आवाज कुठे खाली आणायचा, बॅटरी कधी विझवायची, हे त्याला जमलं होतं. माणसं एकमेकांना धरून हसत होती, घाबरत होती.

सगळ्यात शेवटी तो त्यांना वाडीत घेऊन आला.

कुंपण राहिलं नव्हतं. केळी गेल्या होत्या, गुडघाभर गवत माजलं होतं. घर पाडून टाकलं होतं. एका बाजूनं बावखलात डबर टाकायला सुरुवात झाली होती. जांभूळ मात्र तसंच होतं. सुमेधनं बॅटरीचा झोत पायऱ्यांवर टाकला आणि एकनाथांना पहिल्या पायरीचा तुटका कोपरा दिसला. त्यांनी झाडाला हात टेकला.

"या वाडीत एक बागायतदार राहायचा," सुमेध हळू आवाजात सांगू लागला. "त्याची एकच मुलगी. नाव केशर. दिसायला देखणी, शिकलेली. तिला घराबाहेर पडायचं होतं आणि बापाला ते मान्य नव्हतं. एका संध्याकाळी आई घरात नव्हती. बापलेकीचं भांडण जुंपलं. शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकला. मुलगी रडत रडत इकडे पळत आली, बाप तिच्या मागून आला. याच पायऱ्यांवर त्यानं तिची मान धरली आणि पाण्यात दाबून ठेवली. हातपाय हलायचे थांबेपर्यंत."

कोणीतरी श्वास आत ओढला.

"पोलिसांना सांगितलं, पाय घसरला. पण गावाला सगळं माहीत होतं."

"मग त्या बापाचं काय झालं?" एका माणसानं विचारलं.

"वाडी विकून पळाला. पुढे वेड लागून मेला म्हणतात. आता मी बॅटरी बंद करतो. एक मिनिट कोणी बोलायचं नाही. पाण्याकडे बघत राहा."

अंधार झाला. बेडूक ओरडत होते. लांब समुद्राचा आवाज येत होता. एकनाथ पाण्याकडे बघत उभे होते. मी तो नव्हे, असं त्यांना सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हंसा."

पुढे उभी असलेली एक बाई दचकून नवऱ्याला बिलगली. दोघं-तिघं हसली. सुमेधनं बॅटरी लावली आणि झोत एकनाथांच्या पायांशी आणला. तो हसला नाही.

माणसं रिसॉर्टवर परतली तरी एकनाथ रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून होते. सुमेध त्यांच्याजवळ आला.

"काका, रिक्षा बघू का?"

"ती गोष्ट तुला कोणी सांगितली?"

"शेवटची? इथल्याच लोकांनी. नाक्यावर दोघा-तिघांनी सांगितली, वेगवेगळी. सगळ्यांना माहीत आहे इथे. मी फक्त नाव बदललं."

"खरं नाव काय होतं?"

"हंसा," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी तेच म्हणालात. तुम्ही ओळखायचात का तिला?"

"माझी मुलगी ती."

सुमेध तिथेच खाली बसला. मग म्हणाला, "मला माफ करा. तुम्ही जिवंत असाल असं मला कधी वाटलंच नाही."

"तुझी चूक नाही," एकनाथ म्हणाले. "तू ऐकलंस ते सांगितलंस." मग त्यांनी विचारलं, "दोघा-तिघांनी सांगितलं म्हणालास. कोणी नाही म्हणालं का रे? असं झालं नाही, असं म्हणणारं कोणी भेटलं नाही?"

सुमेध मान खाली घालून बसला. एकनाथांना उत्तर मिळालं.

घरी पोचले तेव्हा सुमन जागी होती. त्यांच्या पायांना लागलेली कुसळं तिनं पाहिली आणि विचारलं, "वाडीवर गेला होतात?"

एकनाथांनी बसून सगळं सांगितलं. फेरी, जांभूळ, मान धरणारा बाप. सांगताना त्यांना वाटलं होतं की ती रडेल, नाहीतर चिडेल. ती शांत बसून ऐकत होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत नाही.

"तुला माहीत होतं."

"दहाव्या दिवशी शेजारची लूर्डस आली होती," सुमन म्हणाली. "तिनं सांगितलं, लोक काय बोलतायत ते. रडत होती बिचारी. म्हणाली, तुला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगते. त्यानंतर दोन वर्षं मी विहिरीवर, देवळात, लग्नाकार्यात तेच ऐकलं. तुम्ही आलात की बोलणं बंद व्हायचं. तुम्हाला वाटायचं, लोक तुमच्या दुःखाला मान देतायत."

"म्हणून वाडी विकायला लावलीस?"

"कोणीतरी एक दिवस तुमच्या तोंडावर बोललं असतं. तुम्ही जगला नसतात."

दहा वर्षं त्यांनी या बाईवर राग धरला होता. तिच्या हातचं जेवताना, तिला दवाखान्यात नेताना, सणाला तिच्याशेजारी बसताना तो राग त्यांच्याबरोबर होता. आता तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"तुला काय वाटलं होतं?" त्यांनी विचारलं. "लूर्डसनं सांगितलं तेव्हा?"

सुमननं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "खरं सांगू?"

"सांग."

"पहिल्या वर्षी दोन-तीनदा, तुम्ही झोपलात की, तुमच्या हातांकडे बघत बसले होते. मग नाही. पण भांडण झालं होतं हे लूर्डसनंही ऐकलं होतं. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी वाट बघितली."

मग बारा वर्षांनी एकनाथांनी ते सांगितलं. हंसाला मुंबईला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. हॉस्टेलवर राहावं लागणार होतं. ते नाही म्हणाले. ती म्हणाली, मी जाणारच. तेव्हा ते ओरडले, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." ती कळशी उचलून बाहेर गेली. ते पाठ फिरवून ओसरीत बसून राहिले. अर्ध्या तासानं लूर्डसची हाक आली.

"मी गेलोच नाही तिच्या मागे," एकनाथ म्हणाले. "लोक म्हणतात, मागे गेला. गेलो असतो तर ती वाचली असती. तिनं उडी टाकली की घसरली, मला माहीत नाही सुमन. मला कधीच कळणार नाही."

"एक चप्पल पायरीवर होती, एक पाण्यात," सुमन म्हणाली. "कळशी अर्धी भरलेली होती. जीव द्यायला निघालेली मुलगी कळशी भरत बसते का?"

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तिचं नाव तरी काढू दिलंत का?"

पुढच्या बुधवारी सुमेध पत्ता काढत आचोळ्याला आला. फेरीला येऊन गेलेल्या आर्याकडून त्याला घर कळलं होतं. त्यानं सांगितलं की बावखलाचा थांबा त्यानं बंद केला आहे, फेरी आता बंगल्यापाशीच संपते. आणि तुम्ही म्हणाल तर नाक्यावर जाऊन लोकांना खरं काय ते सांगीन, असंही म्हणाला.

"काय सांगशील?" सुमननं विचारलं. "आम्हालाच पुरतं माहीत नाही. राहू दे."

तिनं त्याला चहा दिला. जाताना सुमेधनं वाकून दोघांना नमस्कार केला. एकनाथांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात आपला आहे या विचारानं पटकन मागे घेतला.

नंतर काही दिवस एकनाथांना विचित्र रितं वाटत राहिलं. ती गोष्ट खोटी होती, वाईट होती, पण दर शनिवारी कोणीतरी त्या पाण्याजवळ उभं राहून तिच्याबद्दल बोलत होतं. आता तेही कोणी बोलणार नव्हतं. हे त्यांनी सुमनला सांगितलं तेव्हा ती उठली, कपाटातून फोटो काढला आणि टीव्हीशेजारी ठेवला.

एप्रिलमध्ये लूर्डसचा फोन आला. जांभूळ तोडलं होतं, बावखल पुरतं भरून टाकलं होतं. तिथे सात मजली इमारत होणार होती. फोन ठेवून एकनाथ बाहेर गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसले. सुमन मागून आली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघं खालच्या रिक्षा बघत होती.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली.

एकनाथांनी तिच्याकडे पाहिलं.

"ते नर्सिंगचं पत्र तिनं आधी मला दाखवलं होतं. आठ दिवस आधी. कशी हसत होती तेव्हा. बाबांना कसं सांगू म्हणाली. मी म्हटलं, मी गुरुवारी आगाशीला भावाकडे जाणार आहे, तेव्हा सांग. मी मध्ये असले की तुम्ही दोघं माझ्या आडून बोलता. मी नसले की बाबा तुझं नीट ऐकून घेतील." तिनं गुडघे जवळ ओढले. "तो दिवस मी ठरवून दिला होता."

एकनाथ खुर्चीवरून उतरले. गुडघे दुखत होते म्हणून भिंतीला धरून हळूहळू खाली, तिच्या बाजूला फरशीवर बसले.

"पत्र वाचून हसत होती म्हणालीस," ते म्हणाले. "आणखी काय म्हणाली? मला सगळं सांग. पहिल्यापासून."

सुमननं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.