कोरडा खड्डा

"काका, कोरडं आहे," खड्ड्यातून मुकादम म्हणाला. "हातात घेतली तर माती उडून जाईल, इतकं कोरडं."

खड्ड्याच्या काठावरून तो खाली वाकून बघत होता. डांबरावरची खडूची फुली त्यानेच भल्या सकाळी मारली होती. त्याने फुली मारली की विचारायचं नाही, खणायचं, असा पाणी खात्यात चोवीस वर्षांचा शिरस्ता होता. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखालची गळती ऐकायची, हे त्याचं काम. खात्यात सगळे त्याला 'कान' म्हणत. हजेरीपुस्तकातलं नाव आठवायला मुकादमालाही डोकं खाजवावं लागलं असतं. सुईच्या भोकाएवढी गळती तो चार फूट वरून ओळखायचा. आणि आता महिन्याभरातला हा तिसरा खड्डा. तिन्ही कोरडे.

गल्ली बघायला जमली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो," एक पेन्शनर म्हणाला, "इथं तेवढाही नाही." लोक हसले. बादली घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "यांच्यापायी सकाळपासून पाणी बंद. लहान पोर आहे घरात." मुकादम मात्र हसला नाही, आणि त्याला तेच जास्त झोंबलं. "बुजवून टाका," असं कसंबसं म्हणून तो बाजूला झाला. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. "तीन खड्डे झाले. वर काय सांगू मी? नक्की ऐकलंत तरी काय?"

"आवाज होता साहेब."

"पाण्याचा?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. तो खिशातला खडू चाचपत राहिला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टरांना दाखवून या. कानाच्या म्हणत नाहीये मी. चिठ्ठी आणेपर्यंत खडू हातात घ्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन गेला, म्हणजे खरं तर बायकोच त्याला घेऊन गेली. डॉक्टरीण मुलीच्या वयाची होती. तिने झोप, जेवण, गोळ्या, दारू सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "तिथे नसलेलं काही ऐकू येतं का?"

"डॉक्टर, माझं अर्धं काम तेच आहे," तो म्हणाला. कामाबद्दल बोलताना त्याला जरा धीर यायचा. "खालून नुसती बारीकशी सळसळ येते. तेवढ्यावरून मला डोळे मिटून सगळं उभं करावं लागतं. पाइप कुठे वळतो, जोड कुठे, दगड कुठे टेकलाय. मनाने रचलं नाही तर सापडत नाही. मग त्यातलं ऐकलेलं किती आणि रचलेलं किती, कसं सांगू?"

"चांगला प्रश्न आहे. तुम्ही कसं ठरवता?"

"खणल्यावर कळतं."

डॉक्टरीण हसली. बायको हसली नाही.

"मनाने रचलेलं चित्र तुम्ही पुसू शकता," डॉक्टरीण म्हणाली. "हा आवाज पुसता येतो?"

"नाही. तो आपला आपण येतो." त्याने खिशातला रुमाल काढला, नुसताच धरून ठेवला. "टकटक येते. दोनदा. मग जरा थांबून परत दोनदा."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ही टकटक घरात दोघांच्याही ओळखीची होती. त्याच्या आईची वाचा गेली होती. आठ महिने अंथरुणावरून ती चमच्याने भिंत वाजवायची. दोन टकटक म्हणजे 'या'. तिला जाऊन आता सात महिने झाले होते. बायकोनेच हे डॉक्टरिणीला सांगितलं, खड्ड्यांचंही.

"असं पुष्कळांना होतं हो," डॉक्टरीण म्हणाली. "घरातलं माणूस गेलं की त्याची हाक ऐकू येते. एवढ्यावरून कुणी वेडं ठरत नाही. पण तुम्ही त्यापायी रस्ते खणायला लागलात, म्हणून बघायला हवं. रक्त तपासू, झोपेचं बघू. त्या गेल्या तेव्हा तुम्ही घरी होता?"

"यांचा डोळा लागला होता," बायको म्हणाली. "सकाळची फेरी करून आले होते. मी दात काढायला गेले होते. दोन तासही नसेन बाहेर. हे बिचारे स्वतःला फार लावून घेतात."

सात महिने हे वाक्य तिने प्रत्येकाला सांगितलं होतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना. प्रत्येकाने मान हलवून 'झोपेला कोण काय करणार' म्हटलं होतं, आणि त्याने दर वेळी ते मुकाट्याने घेतलं होतं. चोरीचा माल घ्यावा तसं.

"मी जागा होतो," तो म्हणाला.

खोलीत पंख्याचा आवाज होता. तो तरी खरा होता.

"जागा होतो. पाठ टेकली होती नुकतीच. तिने वाजवलं. म्हटलं, सकाळपासून आवाजांच्याच मागे फिरतोय, आता घरातही तेच. थांबेल जरा. ती वाजवत राहिली. मला राग आला डॉक्टर, आईचा राग आला. मग थांबली." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "थांबली तेव्हा मला बरं वाटलं."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. मग तिने गोळ्या समजावून सांगितल्या, दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. चिठ्ठीत 'उपचार सुरू आहेत' एवढंच लिहिलं. कामावर घ्या किंवा घेऊ नका, असं काहीच नाही. चिठ्ठी बायकोने घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

बस थांब्यावर दोघं शेजारी उभी राहिली. तिने आठ महिने त्या अंथरुणाचं सगळं केलं होतं. पुसणं, भरवणं, कूस वळवणं. एका चमच्याच्या आवाजाला हातातली कणीक टाकून धावली होती. ती रडेल, भांडेल, निदान 'कसं हो करवलं तुम्हाला' म्हणेल, अशी तो वाट बघत होता. बोलणी खायला त्याची तयारी होती. बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

बस लांबून दिसली तेव्हा ती बोलली.

"किती वेळ वाजवत होत्या?"

खोटं सांगता येईल का, हे त्याने पाहिलं. नाही आलं.

"दहा मिनिटं. जास्तच असेल."

तिने मान हलवली. बस आली. ती आधी चढली, खिडकीशी बसली आणि पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

जागा मोकळी झाली. कंडक्टर म्हणाला, "बसा की काका." तो दांडा धरून घरापर्यंत उभाच राहिला.