रोसाल्बाचा पाळणा

पत्र्याच्या फुलांचं ते चक्र एदेल्मिरानं घर सोडल्यापासून मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. दुधाच्या डब्यांचे पत्रे कापून, पाकळ्या वळवून, वर निळा-पांढरा रंग देऊन तिनं स्वतःच्या हातांनी केलेलं. पाम्पाच्या, त्या वैराण वाळवंटी माळाच्या उन्हात खरं फूल दुपारपर्यंतही धड राहत नाही, आणि कागदाचं वारा ठेवत नाही. म्हणून तिकडच्या मेलेल्यांना पत्र्याचीच फुलं.

"आई, ते डिकीत ठेवूया का? टोचत असेल तुम्हाला," यास्ना, तिची सून, पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणाली.

"मला नाही टोचत. तुला टोचतंय का?"

"झालं सुरू!" गाडी चालवणारा तिचा लेक व्लादिमिर हसला. मागे आजीशेजारी बसलेली नात माइते मोबाइलमधून डोकं वर न काढता खुदकन हसली.

एक नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. सोऱ्याच्या जुन्या खाणीवरच्या दफनभूमीत जायचं, एवढंच एदेल्मिरानं लेकाला सांगितलं होतं. तर लेकानं त्याची सहलच करून टाकली! पहाटे कुडकुडत जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे झाले, चंद्राची दरी झाली, माणूस बुडत नाही ते खारट तळं झालं. जिथं तिथं ही मंडळी "अय्या!" आणि "बापरे!" करत फोटो काढायची, आणि एदेल्मिरा गाडीत बसून सूर्य किती उतरला ते बघायची.

"आई, खाली उतर ना! बघ तरी हे डोंगर. मंगळावर आल्यासारखं वाटतंय!"

"मी इथंच जन्मले रे. मग मला मंगळावरचीच म्हण. पण चल आता, ऊन कलतंय."

"जाऊ गं. दफनभूमी काय पळून जाणार आहे?"

तिनं मांडीवरचं चक्र आणखी जवळ ओढलं. कुणाला सांगायचं? रोसाल्बा तिची पहिली मुलगी. पाऊल टाकायच्या आधीच तापानं गेली. तेव्हा व्लादिमिरचा पत्ताही नव्हता. पुढे खाण बंद पडली, घरांच्या फळ्यासुद्धा लोकांनी विकल्या, सगळी वस्ती खाली समुद्राकाठच्या अंतोफागास्ता शहराला उतरली. राहिली ती एकटी पोर, त्या उजाड माळावर. क्रुसावरची नावं ऊन-वाऱ्यानं पार पुसून गेली, पण तिच्या बापानं, इसाइआसनं, तिचाच लोखंडी पाळणा थडग्यावर उलटा पुरून ठेवला होता. त्याच खुणेवर दोघं दरवर्षी येत. इसाइआस गेल्यावर जुन्या खाणवाल्यांच्या बसनं ती एकटी येऊ लागली. मग बसमधली माणसं एकेक करत संपली, आणि बसही संपली. गेली काही वर्षं तिचं येणंच झालं नव्हतं. आपण मेल्यावर पोरीचं कुणीच राहणार नाही, या एका धास्तीनं ती म्हातारी रात्र रात्र जागायची. निदान व्लादिमिरला एकदा जागा दाखवायची होती.

पोचले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. इतर घरची माणसं केव्हाच येऊन, चक्रं लावून निघून गेली होती. वाऱ्यानं पत्र्याची फुलं खडखडत होती, बाकी चिटपाखरू नाही.

"तुम्ही बसा गाडीत. मी शोधते, मग हाक मारते," एदेल्मिरा म्हणाली आणि चक्र घेऊन चालू लागली. डोळे मिटूनसुद्धा गेली असती. कोसळलेल्या भिंतीपासून सरळ, मग डावीकडे.

पाळणा नव्हता.

ती पुढे गेली, मागे आली. दुसरी रांग पाहिली. मग तिच्या लक्षात आलं की कुठंच लोखंड नव्हतं. थडग्यांभोवतीचे गज नव्हते, पाळणे नव्हते, साखळ्या नव्हत्या. मातीत फक्त ट्रकच्या चाकांच्या खुणा. भंगारवाल्यांनी मेलेल्यांनाही सोडलं नव्हतं!

"मेल्यांनो, हात झडोत तुमचे," ती पुटपुटली. शिवी द्यायलाही छातीत दम उरला नव्हता. जिकडे बघावं तिकडे राखाडी, कोरे, वाकलेले क्रूस. सगळे सारखे. "रोसाल्बा," तिनं हळूच हाक मारली. स्वतःच्याच आवाजाची तिला लाज वाटली.

"आई, सापडली का गं?" व्लादिमिर मागून आला. त्याच्या हातात लोकरीचा छोटासा लामा होता, लांब मानेच्या त्या जनावराचं बाजारात मिळतं तसलं खेळणं. काहीतरी चोरून आणल्यासारखा तो उभा होता. चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस.

"हे काय?"

"ताईसाठी घेतलं." तो ओशाळला. "लहानपणी तुम्ही इथं आणायचात ना, तर मी बाहेर चेंडू खेळत बसायचो. भीती वाटायची गं. एकदाही आत आलो नाही. कुठली आहे ताई?"

एदेल्मिरानं लेकाकडं पाहिलं. त्याच्या मागे यास्ना शाल सावरत येत होती, माइते मोबाइल खिशात घालून. तिघंही आज पहिल्यांदाच पोरीला बघायला येत होती. त्यांना काय म्हणायचं, तुमची पोर हरवली म्हणायचं?

तिनं समोरच्या एका छोट्या, एकट्या क्रुसाकडं बोट केलं.

"हीच."

व्लादिमिर गुडघ्यांवर बसला. लामा मातीत टेकवून ठेवला आणि हुंदके देऊन रडायला लागला. यास्नानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माइतेनं मोबाइल काढून जागेची खूण करून घेतली. "आता कधीच चुकायचं नाही, आजी. मी मोठी झाले तरी येईन." मग गाडीतून जाड पेन आणून तिनं कोऱ्या लाकडावर सावकाश लिहिलं: रोसाल्बा.

"तुम्ही व्हा पुढे," एदेल्मिरा म्हणाली. "मला बोलायचंय तिच्याशी."

तिघं गेल्यावर तिनं चक्र क्रुसाला अडकवलं, तारेनं घट्ट बांधलं.

"तू कुणाचं गं लेकरू? मुलगी आहेस की मुलगा, तेही मला ठाऊक नाही. रागावू नकोस. तुझं कुणी येत नसावं, म्हणून तुला माझ्या पोरीचं नाव दिलंय. दरवर्षी येतील हे, चांगली माणसं आहेत. येत जातील." तिनं तारेचं टोक आत वळवलं. "माझीलाही असंच कुणीतरी दुसऱ्याच्या नावानं हाक मारू दे. आणि ती भेटली तर सांग तिला, आई आली होती."

वाऱ्यात उत्तर कुठलं येणार! ती उठली, कपड्यांवरची माती झटकली आणि गाडीकडं निघाली. फाटकापाशी एकदा मागे वळून पाहिलं. त्या सगळ्या क्रुसांतल्या कुठल्यातरी एकाखाली तिची पोर होती.

गाडी निघाली. मांडी रिकामी. हातांवर, तळव्यांवर पत्र्याचे लाल ओरखडे उठले होते. यास्नानं ते पाहिले आणि हात मागे करून तिचा हात धरला.

"बघा, टोचतच होतं ना, आई?"

"हो गं," एदेल्मिरा म्हणाली. "टोचतंय."