रानात गेलेले डबे

आमच्या घरात एक रीत आहे. सोयाबीन निघालं की ज्वारी पेरायच्या आधी रानात मेंढ्या बसवायच्या, म्हणजे लेंडीखतानं जमीन धरते. आणि मेंढ्या आहेत तोवर धनगराच्या बिऱ्हाडाचं रात्रीचं जेवण आपल्या घरून जायचं. आमच्या ईट गावातले बाकीचे लोक पीठ-डाळ देऊन मोकळे होतात. माझ्या सासूबाईंना, मथुराबाईंना, ते पटत नाही. "आपल्या रानात उतरलेल्या माणसानं पिठाचं गठुडं सोडावं, हे बरं दिसतं व्हय गं?" असं त्या विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ओट्याकडं बोट करतात. मान त्यांचा आणि हात माझे.

माझी तक्रार नाही. माझं माहेर उमरग्याचं, वडलांची हायवेवर खानावळ, त्यामुळं चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक म्हणजे मला काही डोंगर नाही. पण मी शाळेत शिकवते. सकाळचे डबे, शाळा, शाळेची ती न संपणारी ऑनलाइन माहिती, आणि घरी येऊन पदर खोचला की परत चूल. नवरा, रणधीर, सोयाबीनच्या दिवसांत पिकअप घेऊन बार्शीच्या आडतीवर असतो. सासूबाई दिवसभर शेतातल्या बायकांच्या मागं. आमच्या घरात ह्या दिवसांत माणसं एकमेकांना जेवतानाच भेटतात.

दरवर्षी गोरोबा, त्यांची बायको बानूबाई आणि त्यांचा मुलगा मल्हार असे तिघं येतात. यंदा सोमवारी दोघंच आले.

"मल्हार कुठंय?" मी सहज विचारलं.

"पाय गेला त्याचा," गोरोबा म्हणाले.

मी हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तसंच धरून उभी राहिले. श्रावणात भूमच्या रस्त्यावर दिवेलागणीला मल्हार मेंढ्या कडेला घेत होता. एका गाडीनं उडवलं आणि ती निघून गेली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पोलिसांनी अनोळखी वाहन म्हणून लिहून घेतलं. आता तो मामाकडं बाजेवर पडून आहे. गेल्या वर्षी ह्याच अंगणात एका हातानं पोतं उचलून खांद्यावर टाकणारा गडी.

"कोण होता ते कळलं का?"

"कळंल," गोरोबा म्हणाले. "ज्यानं केलं त्यानं एकदा म्होरं यावं अन् म्हणावं, म्या होतो. मला दुसरं काय नगं."

सासूबाईंनी दरवर्षीसारखं मेंढ्या बसवण्याच्या बदल्यातलं ज्वारीचं पोतं पुढं केलं, तर गोरोबांनी हात जोडले. म्हणाले, राहू द्या, मागून बघू.

त्या संध्याकाळी उडदाचं घुटं आणि भाकरी करताना मी त्या अनोळखी ड्रायव्हरला मनसोक्त शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या. त्याचे हात झडू देत, त्याला स्टेअरिंगसुद्धा धरता येऊ नये, त्याच्या घरात कुणाला गोड लागू नये. रणधीर तिथंच मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता.

"ऐकताय का? तुमचा मल्हार होता ना तो. कुस्तीच्या गप्पा मारत बसायचात त्याच्याशी."

"हं," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

डबा न्यायचं काम खरं तर त्याचं. तीही रीतच: मालकानं स्वतः डबा न्यायचा, धनगराच्या शेकोटीपाशी टेकायचं, त्यांच्याबरोबर दोन घास खायचे. यंदा मात्र त्याला फुरसत नव्हती. सोमवारी टायर बसलं होतं. मंगळवारी आडतीवर नंबर लागला होता. बुधवारी तो घरी होता, तर म्हणे डोकं दुखतंय. मीच स्कूटीला पिशवी अडकवून रानात जात होते. थंडी नुकती पडायला लागली होती, धसकटांवर दव धरत होतं, आणि वाघरीच्या जाळीत मेंढ्या एकमेकींना खेटून बसलेल्या असायच्या. बानूबाई डबा घ्यायच्या, आदल्या दिवशीचा घासून ठेवलेला डबा परत द्यायच्या. "जेवा ना गरम-गरम," मी म्हणायचे. "जेवतो मागनं," गोरोबा म्हणायचे.

आणि घरी पोचले की सासूबाई दारात.

"जेवले का?"

"जेवतील."

"तुज्यासमोर जेवले का?"

"नाही आत्या, पण कालचा डबा रिकामा दिलाय."

"मीठ नीट घातलं हुतंस न्हवं?"

हा मिठाचा प्रश्न रोजचा झाला. पहिले दोन दिवस मला राग आला, की लग्नाला तीन वर्षं होऊनही ह्या बाईला माझ्या हातावर भरवसा नाही. मग वाटलं, म्हातारपण. आणि रोज बेत चढत चालला होता. मंगळवारी भरलं वांगं. बुधवारी येसर घालून कोंबडीचा रस्सा, तोही त्यांनी स्वतः कोंबडी निवडून कापून घेतलेला. गुरुवारी शेंगुळे आणि वर तुपाची वाटी. शुक्रवारी मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी धपाट्यांचं पीठ मळूनच ठेवलं होतं. पाहुण्यांनासुद्धा आम्ही इतकं करत नाही. मला वाटलं, मल्हारच्या पायामुळं त्यांचं काळीज हललंय. मला त्या दिवशी सासूबाईंचं कौतुक वाटलं, हे लिहून ठेवते.

शनिवारी मी डबा देऊन निघाले, बांध ओलांडला, आणि ध्यानात आलं की मोबाइल तिथंच दगडावर राहिला. मागं वळले. स्कूटी बांधावर लावून पायीच गेले, म्हणून त्यांना कळलं नाही.

बानूबाई मेंढ्यांच्या पलीकडं वाकून उभ्या होत्या. माझा डबा त्यांच्या हातात उलटा होता. त्यांची तिन्ही कुत्री खाली मान घालून माझी मेथीची भाजी, माझ्या भाकरी, माझा दाण्याचा कूट घातलेला भात मचामचा खात होती.

मला क्षणभर दिसेचना काही. मी खानावळवाल्याची पोरगी आहे. आमच्याकडं गिऱ्हाईकानं ताटात अर्धी पोळी टाकली तरी वडलांचा जीव तुटायचा. मी पहाटे उठते, चाळीस पोरं सांभाळते, पाय तुटेस्तोवर उभी राहते, आणि ह्या माणसांनी आठवडाभर—

"मावशी!" मी ओरडलेच. "रोज असंच करता? रोज? आवडत नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं! कुत्र्यांसाठी रांधत होते का मी?"

बानूबाईंच्या हातातला डबा पडला. गोरोबा धावत आले. त्यांच्या चुलीवर तवा होता, तव्यावर त्यांची स्वतःची भाकरी. म्हणजे रोज दोन चुली पेटत होत्या, आमची तिकडं आणि ह्यांची इथं.

"बाई, तुज्या हातात काय खोट न्हाय," बानूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "वास लई चांगला येतो. कुत्र्यांम्होरं टाकताना माजंच पोट तुटतं. पर तुमचं मीठ आमाला यंदा खायाचं न्हाय."

"का?"

मेंढ्यांत एक कोकरू तेवढं ओरडत होतं.

"सांग आता," बानूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तिला काय ठावं न्हाय. तोंडावरनं दिसतंय की."

गोरोबा खाली बसले. त्यांनी सांगितलं ते माझ्याकडं न बघता, तव्याकडं बघत.

गाडी थांबली होती. मल्हारनं गोरोबांना हे दवाखान्यात, शुद्धीवर आल्यावर सांगितलं, पोलिसांना नाही. गाडी थांबली, माणूस खाली उतरला, मोबाइलची बॅटरी लावून मल्हारच्या तोंडावर धरली. मल्हार म्हणाला, मालक, उचला मला. माणसानं बॅटरी बंद केली आणि तो परत गाडीत बसला.

"मालक म्हणला त्यो," गोरोबा म्हणाले. "आमचं लेकरू आनकी कुणाला मालक म्हणत न्हाय."

मला कळत होतं आणि मी ते कळू देत नव्हते. श्रावणात पिकअपचा पुढचा दिवा फुटला होता. रानडुक्कर आडवं आलं, असं रणधीर म्हणाला होता. मी त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. वाचलात, असं म्हणून मी त्याच्या छातीला डोकं लावलं होतं.

"पोलिसांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कसं सांगू? धा-बारा सालं तुमच्या घरचं खाल्लंय. ज्याचं मीठ पोटात, त्याच्यावर बोट कसं उचलावं? म्हणून यंदा आलो. सोमवारपासनं मेंढ्या फुकट बसवल्या, ज्वारी घेतली न्हाय, घास घेतला न्हाय. पोटातलं मीठ फिटलं आता. रोज वाटायचं, आज डबा घेऊन त्योच येईल. येऊन म्हणंल." त्यांनी भाकरी उलटली. ती करपली होती. "उद्याचा दिस बघतो. परवा पहिल्या गाडीनं भूमला जातो, ठाण्यात."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. रणधीर जेवायला बसला होता, सासूबाई वाढत होत्या.

"तुम्ही गाडीतून उतरला होतात," मी म्हणाले.

त्याचा हात ताटात थांबला. खोटं बोलला असता तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. मला ठेवायचाच होता. पण तो एवढंच म्हणाला, "मी घाबरलो, सृष्टी."

"त्यानं तुम्हाला हाक मारली."

"घाबरलो म्हणालो ना!"

"हळू बोला दोगं," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडं बघतात तसं त्या दाराकडं बघत होत्या, की शेजारी ऐकू जातंय का.

"आत्या, तुम्हाला माहीत होतं?"

"जेवले का ते आज?" त्यांनी विचारलं.

आणि तेव्हा मला आठवडाभराचं सगळं जेवण एकदम समोर दिसलं. कोंबडी, तूप, धपाटे. मीठ नीट घातलं हुतंस न्हवं? मी भिंतीला टेकले. ही बाई त्या दोघांना खाऊ घालत नव्हती, त्यांची तोंडं शिवत होती. आणि सुई माझ्या हातात दिली होती.

"गोरोबा मिठाचा माणूस हाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "एक घास जरी पोटात गेला तरी त्यो बोलायचा न्हाय. उद्या पुरण घाल. समोर बसून खाऊ घाल, तुज्या हातानं. बानूला म्हण, लेक म्हणून भरवते. तुला न्हाय म्हणायची न्हाय ती." मग म्हणाल्या, "तुजाबी संसार हाय हा."

रात्रभर मला झोप लागली नाही. शेजारी रणधीरही जागा होता. एकदा त्यानं माझा हात धरला. माझ्या शिव्या मला आठवल्या, हात झडू देत म्हणाले होते ते, आणि मी तो हात सोडवूनही घेतला नाही, धरूनही ठेवला नाही. मला तो माणूस आवडत होता, ह्याचीच मला भीती वाटली.

रविवारी सासूबाईंनी स्वतः डाळ शिजायला घातली. मी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली. सासूबाईंनी आमटीची चव घेतली, चिमूटभर मीठ वाढवलं आणि मान हलवली. दिवस मावळायच्या सुमाराला मी स्कूटी काढली. डबा ओट्यावरच ठेवून आले.

बानूबाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"डबा?"

"आणला नाही. मला भूक लागलीय, मावशी. कालपासून जेवले नाही."

त्यांनी परातीत पीठ ओढलं. तीन दगडांची चूल, ज्वारीची भाकरी, पाट्यावर ठेचलेली हिरवी मिरची. मिरचीवर मीठ टाकायला त्यांनी चिमूट भरली आणि हात तसाच वर थांबला.

"इचार कर, सुनबाई," गोरोबा म्हणाले. "आमचं खाल्लंस तर तुला आमच्याकडनं उभं ऱ्हावं लागंल."

"माहितेय. म्हणूनच आलेय. टाका मीठ."

मी भाकरी मोडली, ठेच्याला लावली. पहिला तुकडा मातीत पडला. दुसरा तोंडात गेला. तिखट मस्तकात गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळं तिखटाचं नव्हतं. मी घर सोडत होते की घर धरत होते, मला कळत नव्हतं. उद्याच्या गाडीत आम्ही तिघं असणार होतो, एवढं मात्र कळत होतं.

मोबाइल वाजला. रणधीर होता.

"डबा इथंच राहिलाय तुझा. आई कधीची विचारतेय. घेऊन येऊ का बांधापर्यंत?"

"बांधापर्यंत नको. यायचं तर चुलीपर्यंत या. डब्याशिवाय या, आणि मल्हारच्या आईसमोर बसून बोला. सकाळपर्यंत वाट बघतील ते."

"तू काय करतेयस तिथं?"

"जेवतेय. बानूमावशींच्या हातचं."

"मिठाचं?" त्यानं विचारलं.

"मिठाचं."

"सृष्टी," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "थुंकून टाक. ऐक माझं. गिळू नकोस, थुंकून टाक."

बानूबाई माझ्याकडं बघत होत्या. गोरोबाही.

"गिळला," मी म्हणाले, आणि फोन खाली ठेवून पुढचा घास मोडला.